न्यायमित्राचे निवेदन : बीडच्या ऊसतोड महिलांच्या प्रश्नावरून एक अभ्यास

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात आणि गाळप हंगाम संपल्यावरच गावी परततात. या व्यवसायात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' गणला जातो. दोघांपैकी एकाने काम चुकविले, तर त्या दिवसाचा 'खाडा' मजुरीतून कापला जातो. फडावर ना स्वच्छतागृह, ना पुरेसे पाणी, ना दवाखाना. पहाटेपूर्वी उठून कोपीवरचा स्वयंपाक आटोपणारी आणि दिवसभर उसाच्या मोळ्या वाहणारी स्त्री दुखणे अंगावर काढते. मासिक पाळीच्या त्रासाने किंवा अंगावरून जाण्याच्या तक्रारीने ती डॉक्टरांकडे गेली आणि 'पिशवी काढून टाका' असा सल्ला तिला मिळाला, तर खाड्याच्या आणि उचलीच्या ओझ्याखाली ती तो मान्य करते. पुष्कळदा त्या शस्त्रक्रियेसाठीही कर्ज काढावे लागते आणि ते फेडण्यासाठी पुन्हा फडावर जावे लागते.

हा प्रश्न २०१९ साली वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातून सर्व राज्यासमोर आला. पुढे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या स्थितीविषयी प्रसिद्ध झालेल्या लेखनाची स्वाधिकारे दखल घेतली, ते प्रकरण जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि त्यात साहाय्य करण्यासाठी न्यायमित्राची नियुक्ती केली. अशा प्रकरणात कोणीही याचिकाकर्ता नसतो. जिच्याविषयी प्रकरण चालले आहे ती स्त्री त्या दिवशी कोठल्या तरी फडावर ऊस तोडीत असते. मग तिची वस्तुस्थिती न्यायासनासमोर मांडायची कोणी आणि कशी? न्यायमित्राच्या निवेदनाचे महत्त्व या प्रश्नातून स्पष्ट होते. हे निवेदन परिणामकारक कसे होते आणि त्यात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

न्यायमित्र म्हणजे कोण?

'अमायकस क्युरी' या लॅटिन संज्ञेचा अर्थ न्यायालयाचा मित्र असा आहे. न्यायमित्र हा वादी नसतो आणि प्रतिवादीही नसतो. त्याचे इमान कोणत्याही पक्षाशी नसून न्यायालयाशी असते. आपल्याकडे ही भूमिका मुख्यतः दोन प्रकारांनी बजावली जाते.

पहिला प्रकार म्हणजे ज्याची बाजू मांडण्यास वकील नाही अशा आरोपीसाठी न्यायालयाने नेमलेला विधिज्ञ. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील आरोपी अजमल कसाब याच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ विधिज्ञ राजू रामचंद्रन यांची नियुक्ती केली होती. त्या अपिलाचा निकाल २०१२ मध्ये लागला. अत्यंत घृणास्पद गुन्ह्यातील आरोपीलाही बाजू मांडल्यावाचून शिक्षा होऊ नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

दुसरा प्रकार आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. ज्या प्रकरणाचा परिणाम अनेकांवर होणार आहे, त्यात न्यायालयाला तटस्थ साहाय्य हवे असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या विशाखा प्रकरणात फली नरिमन यांनी न्यायमित्र म्हणून साहाय्य केले आणि त्या निकालातील मार्गदर्शक तत्त्वांतूनच पुढे २०१३ चा कायदा आकारास आला.

न्यायालयाने नेमणूक केली तरच मत मांडता येते, असे मात्र नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आदेश १, नियम ८-अ समाविष्ट करण्यात आला. दाव्यातील एखाद्या कायदेविषयक प्रश्नात ज्या व्यक्तीचा वा संस्थेचा हितसंबंध आहे आणि जिचे म्हणणे ऐकणे सार्वजनिक हिताचे आहे, तिला मत मांडण्याची परवानगी न्यायालय त्याअन्वये देऊ शकते. उच्च न्यायालयातील जनहित याचिकांतही हस्तक्षेप अर्ज करून परवानगी मागता येते. परवानगी देणे वा नाकारणे हे सर्वस्वी न्यायालयाच्या अधीन आहे. अमेरिकेत विविध संस्था मोठ्या संख्येने अशी निवेदने दाखल करतात आणि बहुधा एखाद्या पक्षाच्या पाठिंब्यासाठीच करतात. आपल्याकडील परंपरा तटस्थतेवर अधिक भर देणारी आहे, हे निवेदन लिहिणाऱ्याने विसरू नये.

पक्षकार जे सांगत नाहीत ते

चांगल्या निवेदनाची पहिली कसोटी अशी की, त्यातून न्यायालयाला असे काही मिळाले पाहिजे जे पक्षकारांच्या कागदपत्रांतून मिळालेले नाही. एकच युक्तिवाद वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडणारे निवेदन न्यायालयाचा वेळ घेते आणि मूळ बाजूचे वजनही कमी करते.

या दृष्टीने १९०८ मधील एका अमेरिकन प्रकरणाचा दाखला उद्बोधक ठरेल. ओरेगॉन राज्याने धुलाई केंद्रांसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवस दहा तासांपुरता मर्यादित केला होता. त्या कायद्याच्या समर्थनासाठी लुई ब्रँडाइस या विधिज्ञाने जोसेफिन गोल्डमार्क यांच्या साहाय्याने जे निवेदन सादर केले, त्यात कायद्याची चर्चा जेमतेम दोन पानांची होती. उरलेल्या शंभराहून अधिक पानांत कामाचे तास व आरोग्य यांविषयीचे अहवाल, कारखाना निरीक्षकांची निरीक्षणे आणि वैद्यकीय मते एकत्र केली होती. न्यायालयाने कायदा वैध ठरविला. हे निवेदन राज्याच्या, म्हणजे एका पक्षाच्या वतीने होते. तथापि वस्तुस्थितीचे संकलन हेच न्यायालयाला मोठे साहाय्य असते, हा धडा त्यातून मिळाला.

या दाखल्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. त्या निवेदनाचा भर स्त्री शरीराने दुर्बल असते या गृहीतावर होता आणि तेच गृहीत पुढे स्त्रियांना कित्येक कामांपासून दूर ठेवण्यासाठी वापरले गेले. आज ऊसतोड महिलांविषयी लिहिताना 'बिचाऱ्या, अडाणी बायका' असा सूर लावला, तर उद्या कोणी म्हणेल की त्यांना फडावर घेऊच नका. त्यांची रोजी त्यामुळे जाईल. पाणी, विश्रांती, उपचार आणि पूर्ण माहितीनंतर दिलेली संमती हे त्यांचे हक्क आहेत, अशी मांडणी झाली पाहिजे.

आकड्यांचा विवेक

बीडच्या प्रश्नात दोन आकडे वारंवार उद्धृत केले जातात. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर सर्वेक्षणातून आलेला आकडा असा : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती.

घाईने लिहिणारा हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात ठेवील आणि विरुद्ध बाजूचा वकील त्यावर नेमके बोट ठेवील. पहिला आकडा ठरावीक तीन वर्षांत रुग्णालयांत झालेल्या शस्त्रक्रियांचा आहे. त्यात केवळ ऊसतोड महिलाच आहेत असे नाही. दुसरा आकडा पाहणी झालेल्या ऊसतोड महिलांचा आहे, परंतु त्यांची शस्त्रक्रिया आयुष्यात केव्हाही झालेली असू शकते. दोहोंची बेरीज करता येत नाही. एकाने दुसऱ्याचे खंडनही होत नाही.

दुसऱ्या आकड्यावरून प्रमाण सुमारे १७ टक्के येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. हा फरक ठळक आहे. तरीही दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे आहेत काय, हे तपासल्याशिवाय 'पाचपट' असा शब्द निवेदनात वापरू नये. 'ही तफावत वयोगटनिहाय तपासणी आवश्यक ठरविण्याइतकी मोठी आहे' असे लिहावे. वाक्य सौम्य वाटले तरी ते कोणालाही खोडता येणार नाही. न्यायालयासमोर एक अतिशयोक्ती उघडी पडली, की उरलेली खरी विधानेही संशयाच्या छायेत येतात आणि त्याचे मोल अखेर फडावरच्या स्त्रीलाच चुकवावे लागते.

निवेदनाची रचना

निवेदन आटोपशीर असावे आणि त्याचे परिच्छेद क्रमांकित असावेत. त्याचे सहा भाग पाडणे सोयीचे ठरते.

१) परिचय व हितसंबंध. आपण कोण, या विषयाचा आपला अनुभव काय, कोणत्या पक्षाशी आपला संबंध आहे काय आणि निवेदनाचा खर्च कोणी केला, हे आरंभीच सांगावे. लपविलेला संबंध उघड झाल्यास निवेदनाची विश्वासार्हता राहत नाही.

२) प्रश्न. ज्या प्रश्नावर साहाय्य करावयाचे तो एक किंवा दोन वाक्यांत मांडावा. 'ऊसतोड कामगारांची दुर्दशा' हा विषय झाला. 'चाळीस वर्षांखालील स्त्रीच्या गर्भाशय शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत व लेखी संमती बंधनकारक असावी काय?' हा प्रश्न झाला.

३) वस्तुस्थिती. प्रत्येक विधानासोबत त्याचा आधार द्यावा : कोणती नोंदवही, कोणता अहवाल, कोणाचे शपथपत्र, कोणता दिनांक. पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानाने काढलेले यांची सरमिसळ करू नये.

४) कायदा. मोजकेच आधार द्यावेत. आपल्या उदाहरणात डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२३ चा निर्णय महत्त्वाचा आहे. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश त्यात देण्यात आला. त्या सूचनांत राष्ट्र, राज्य व जिल्हा पातळीवर संनियंत्रण समित्यांची तरतूद आहे.

५) प्रतिकूल बाबी. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती आणि निर्णय स्वतःहून सांगावेत. काही स्त्रियांच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकच असते. प्रशासनाने काही उपाय योजलेले असतात. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले आहे आणि त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. हे सांगून उणीव कोठे उरते ते दाखवावे. वकील आणि न्यायमित्र यांच्यातील भेद या भागात स्पष्ट दिसतो.

६) सुचविलेले निर्देश. न्यायालयाने काय करावे, कोणत्या अधिकाऱ्याने, किती मुदतीत आणि कोणाला अहवाल द्यावा, हे स्पष्ट असावे.

एक उदाहरण घेऊ. पहिला मसुदा असा : 'बीडच्या शेकडो गावांत निरागस भगिनींची गर्भाशये निर्दयपणे काढली जात असून प्रशासन झोपले आहे, तरी कठोर कारवाई व्हावी.' दुसरा मसुदा असा : 'जोडपत्र दोनमध्ये एका आरोग्य उपकेंद्राच्या कार्यक्षेत्रातील गतवर्षी स्थलांतरित झालेल्या कुटुंबांची नोंद आहे. त्यांतील ज्या स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाली त्यांचे शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, निदान आणि दुसरे मत घेतले किंवा कसे, हे नावे वगळून दर्शविले आहे. जेथे कागदपत्रे उपलब्ध नाहीत तेथे तसे नमूद केले आहे. अशा प्रकरणांची जिल्हा संनियंत्रण समितीने तीन महिन्यांत छाननी करून अहवाल सादर करावा, असा निर्देश देण्याचा न्यायालयाने विचार करावा.' पहिल्या मसुद्यात संताप आहे आणि तो अस्थानी नाही. परंतु त्यावर आदेश देता येत नाही. दुसऱ्यावर देता येतो.

केव्हा आणि कसे योजावे?

उत्तम निवेदनही अवेळी आले तर व्यर्थ जाते. शासनाचे शपथपत्र दाखल झाल्यानंतर आणि अंतिम सुनावणीपूर्वी, म्हणजे वादाचे मुद्दे निश्चित होत असताना, ते येणे बहुधा उचित ठरते. निकाल राखून ठेवल्यावर धाडलेल्या कागदांना फारसा अर्थ उरत नाही.

पाच संस्थांनी पाच निवेदने देण्याऐवजी एकत्र येऊन एकच द्यावे किंवा विषयांची वाटणी करावी : एकीने वैद्यकीय बाजू, दुसरीने मजुरी व उचल, तिसरीने मुलांचे शिक्षण. न्यायालयाने न्यायमित्र नेमलेला असेल, तर स्वतंत्र अर्ज करण्यापेक्षा त्यांच्याकडे पडताळलेली माहिती सुपूर्द करणे पुष्कळदा अधिक फलदायी असते.

वस्तुस्थितीच अपुरी असेल, तर अंतिम आदेशाची घाई न करता प्रथम पाहणीची विनंती करावी. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांविषयी शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, तेव्हा निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात जाऊन स्त्रियांची भेट घेण्यास व अहवाल देण्यास सांगण्यात आले. त्या अहवालाच्या आधारे १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, स्त्री पोलिसांची उपस्थिती आणि कायदेविषयक साहाय्य यांबाबत निर्देश देण्यात आले. प्रथम पाहणी आणि मग निर्देश, हा क्रम बीडच्या प्रश्नासही लागू पडतो.

या साधनाच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. न्यायमित्राचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते. तो पक्षकार नसल्याने पक्षकाराप्रमाणे अपील करू शकत नाही आणि कोणाच्या वतीने तडजोडही करू शकत नाही. आदेश झाल्यावर त्याचे पालन होते की नाही, याकडे गावाचे लक्ष नसेल, तर उत्तम आदेशही फाइलीतच राहतो.

गावच्या नोंदवहीपासून न्यायासनापर्यंत

येथे आपल्या वाचकांचा संबंध प्रत्यक्षपणे येतो. उच्च न्यायालयातील निवेदन लिहिणार तो विधिज्ञच. तथापि त्यातील तिसरा भाग, वस्तुस्थितीचा, गावातच तयार होतो. कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात कोणत्या कारखान्याकडे गेले, हे ग्रामपंचायतीला माहीत असते. कोणती मुले हंगामी वसतिगृहात राहिली आणि कोणती शिक्षण हमी कार्ड घेऊन आई-वडिलांसोबत गेली, हे शिक्षकांना माहीत असते. कोणत्या स्त्रीने कोणती तक्रार सांगितली, हे आशा कार्यकर्तीला माहीत असते. ही माहिती तोंडी राहिली तर पुरावा होत नाही. दिनांकासह, नियमितपणे आणि कोणत्याही प्रकरणाची चाहूल लागण्यापूर्वी केलेली नोंद न्यायालयात मोलाची ठरते. गरज पडल्यावर एका रात्रीत भरलेली नोंदवही पहिल्याच प्रश्नाला उघडी पडते.

याबाबत चार पथ्ये आवर्जून पाळावीत. शासकीय सेवकाने कार्यालयीन कागदपत्रे परस्पर कोणाच्या हाती देऊ नयेत. सेवेचे वर्तणूक नियम त्यास आड येतात. संस्थांनी माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये किंवा न्यायालयाच्या आदेशाने ती मिळवावी. दुसरे म्हणजे स्त्रीचे नाव, गाव आणि आजार एकत्र प्रसिद्ध होऊ नयेत. तिच्या संमतीशिवाय तिचे कागद जोडू नयेत आणि ओळख आवश्यकच असेल तेव्हा ती गोपनीय ठेवण्याची न्यायालयास विनंती करावी. तिसरे म्हणजे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालत असल्याने मराठी नोंदींचा अचूक अनुवाद जोडावा. 'उचल', 'खाडा', 'कोयता' हे शब्द मात्र तसेच ठेवून त्यांचा अर्थ द्यावा, कारण त्या शब्दांतच या व्यवहाराचे स्वरूप सामावलेले आहे. चौथे म्हणजे कायदेशीर साहाय्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखालील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. या अधिनियमानुसार स्त्रियांना विनामूल्य विधी सेवेचा हक्क आहे.

न्यायालयाशी मैत्री करणे म्हणजे त्याला खरे सांगणे, पुरते सांगणे आणि वेळेवर सांगणे. बीडच्या ऊसतोड महिलेचा प्रश्न भावनेने हाताळला गेला, तर चार दिवस चर्चा होते आणि पुढच्या दसऱ्याला तीच स्त्री त्याच फडाकडे निघते. तिच्या गावातील नोंदवही चोख असेल, तर तिची वस्तुस्थिती ती स्वतः न्यायालयात उपस्थित नसतानाही तेथे मांडली जाऊ शकते. यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने आपली स्थलांतर नोंद एकदा उघडून पाहावी. त्यातील कोरे रकाने भरण्यापासून या कामाचा आरंभ होऊ शकेल.